चौकटची सत्ती

आमचं टेंभुर्णीतलं घर पिठाच्या गिरणीला भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळं आमच्या घरात हळू बोलणारं माणूस निपजलंच नाही. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, देवापुढची समई थरथरायची आणि आई चुलीपुढून ओसरीवर "चहा ठिवू का" हे अशा आवाजात विचारायची की पलीकडच्या गल्लीतला माणूस "न्हाई, आत्ताच झाला" म्हणून कळवायचा. पीठ तर सगळीकडं. भिंतींवर, खुंटीवरच्या टोप्यांवर, आमच्या भुवयांवर. मी जालन्याला कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव भोंगा ठेवलं. मला ते कौतुकच वाटलं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल जे जे वाटतं ते सगळं मला जरा जास्तच वाटायचं, आणि जे वाटायचं ते मी लगेच बोलूनही टाकायचो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना दोनच गोष्टींचा नाद होता, एक म्हणजे येसराची झणझणीत आमटी आणि दुसरा मेंढीकोट. पत्त्यांचा हा खेळ चौघांचा, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. चार दहिल्यांतल्या, म्हणजे दहाच्या पानांतल्या, ज्यांच्या हाताला जास्त लागतील ते जिंकले, आणि चारही लागल्या तर समोरच्यावर कोट. बाजाराचा दिवस सोडला तर रोज दुपारी ओसरीवर सतरंजी पडायची. आमच्या कॅटचे पत्ते इतके जुने होते की राजाराणी सारख्याच वयाचे दिसायचे, पण गिरणीचं पीठ लागून लागून ते असे गुळगुळीत झाले होते की वाटताना आपोआप सरकत जायचे. पैशाचा संबंध नव्हता. हरणाऱ्यानं चहा सांगायचा, तोही आईनंच करायचा, म्हणजे दादा हरले काय नि जिंकले काय, हरायची ती आईच.

पैसा नव्हता म्हणून असेल, पण कायदे फार होते. हातातलं पान चुकून जरी समोरच्याला दिसलं तरी ते खेळलं असं धरायचं, सतरंजीवर उताणं ठेवायचं आणि पहिल्या संधीला तेच टाकायचं. आपल्या पानांकडं बघून हसायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, भिडूकडं बघून खोकायचं तर मुळीच नाही. जिंकलेला हात पालथा घालून ठेवला की तो झाकला, पुन्हा उघडायचा नाही. त्याला एकच अपवाद होता. कुणी रंग असूनही नाही म्हणून हुकमानं कापलं, म्हणजे रंग चोरला, असा संशय आला तर हात उघडून मागता यायचा. चोरी निघाली तर चोरणाऱ्यावर कोट, नाही निघाली तर मागणाऱ्यावर. हे सगळे कायदे मला तोंडपाठ होते. होस्टेलवर तीन पत्ती चालायची, तिथं पॅक केलेली पानं उताणी करून दाखवणाऱ्या एकाशी मी तीन दिवस बोललो नव्हतो. हल्ली माझा नातू मोबाईलवर पोकर खेळतो. मी त्याला विचारलं, दुसऱ्याचं पान दिसलं तर काय करतोस? तो म्हणाला, आजोबा, दिसतच नाही, मशीन दाखवत नाही. म्हणजे बघा, रीतभात सगळी मशीनच सांभाळते. आमच्या वेळी ती माणसांवर सोपवलेली होती, आणि त्या माणसांत मी होतो.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, पंचमीला माहेरी आली होती ती संक्रांत झाली तरी घरीच होती. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. तिला आणायला मुराळी म्हणून मीच हसनाबादला गेलो होतो, आणि पंचमी झाल्यावर तिला पोचवायचं कुणी एवढ्यावर अडलं होतं. दादांचं म्हणणं, सून त्यांची हाय, त्यांनी येऊन न्यावी. अक्काचे सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांचं म्हणणं, तुम्ही नेली, तुम्ही आणून सोडा. दोन्हीकडचं म्हणणं अगदी बराबर होतं आणि म्हणूनच सहा महिने कुणी हललं नाही. अक्का बोलायची नाही. सकाळी उठून अंगण झाडायची, आईच्या हाताखाली भाकरी थापायची आणि दुपारी एसटी येऊन थांबायच्या वेळेला उगीचच दारात येऊन गहू निवडत बसायची. रोज गहू निवडण्याइतके गहू आमच्या घरात कधीच नव्हते.

हा तिढा सोडवला बशीरचाचांनी. चाचा कपड्याची गठडी घेऊन राजूर, हसनाबाद, टेंभुर्णी असे बाजारोबाजार फिरायचे, आणि कपड्याबरोबर निरोपही वाहायचे. त्यांनी तात्यांना पटवलं की चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचंच आहे, तर तिथून सहज पुढं टेंभुर्णीला व्याह्याकडं जेवायला जावं, आणि सहजच सुनेला घेऊन यावं. सहज म्हटलं की कुणाची मान खाली जात नाही. दादांना त्यांनी वेगळं सांगितलं. जेवणानंतर डाव मांडा, म्हणाले, आणि तात्यांना जिंकू द्या. माणूस वाकून तुमच्या दारात येऊन राह्यला, जाताना त्याला जरा ताठ होऊन जाऊ द्या. दादांनी मान्य केलं. दादांसारखा खेळणारा मुद्दाम हरायला बसला की समोरच्यालाच काय, देवालाही कळू नये असा हरायचा. हे ठरल्याचं आईला माहीत होतं, अक्काला माहीत होतं. मला तेवढं सांगितलं नव्हतं, कारण मला सांगणं आणि गिरणीच्या छपरावर चढून सांगणं यात त्या घरात काही फरक नव्हता.

त्या दिवशी पुरण होतं. तात्या आले, त्यांच्याबरोबर अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, आणि चाचा. तात्या उंच, सावळे, पटका बांधलेले, दारातून आत येताना चौकटीला हात लावून सावकाश उंबरा ओलांडणारे. मला ते रुबाबदार वाटलं. जेवताना अक्का वाढायला होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं हिरवी पैठणी नेसली होती. ती तात्यांच्या पुढ्यात वाकली की पुटपुटल्यासारखं म्हणायची, "तूप पोळीवर घातलं, तात्या. आमटीची वाटी उजव्या हाताला हाय, गरम हाय." दुसऱ्या कुणाला ती असं सांगत नव्हती. मला वाटलं, सासऱ्याला लाडीगोडी लावून राह्यली. दाजी खाली मान घालून कुरडया मोडत होते. आतल्या खोलीत पाटावर खण, नारळ, तांदूळ, सगळी ओटीची तयारी मांडून ठेवली होती, आणि अक्काची पेटी बांधून दाराशी उभी होती.

जेवणं झाली, सतरंजी पडली. दादा नि मी भिडू, तात्या नि दाजी भिडू. चाचा भिंतीला टेकून सुपारी कातरत बसले. पहिला डाव तात्यांनी जिंकला. दुसऱ्या डावात त्यांच्याकडं दोन दहिल्या गेल्या, आमच्याकडं एक, आणि चौथी, चौकटची, अजून बाहेर होती. मी चौकटचा एक्का उतरलो. दाजींनी पंजी टाकली, दादांनी भिडूचा एक्का बघून त्यावर दहिली दिली. दोन-दोन झाल्यातच जमा होतं. तात्यांनी पानं डोळ्यांजवळ नेली, जरा वेळ लावला आणि म्हणाले, "चौकट न्हाई." डाव सुरू होताना त्यांनीच पालथं दडवून ठेवलेलं हुकमाचं पान उघडलं, इस्पिक निघालं, आणि इस्पिकच्या तिर्रीनं त्यांनी तो हात कापून पालथा घातला. तीन दहिल्या त्यांच्या झाल्या. दादा हळहळले. आता कळतं की ती हळहळ किती सुरेख केलेली होती. मग दोनतीन हात गेले, दादांनी बदाम उतरला, आणि तात्यांनी त्या बदामावर शांतपणे पान ठेवलं. चौकटची सत्ती.

इथं जरा थांबतो. आज या वयात मला ते पान स्पष्ट दिसतं. रंग चोरणारा माणूस चोरलेलं पान शेवटच्या हातापर्यंत दडवतो आणि गडबडीत सरकवतो. तात्यांनी ती सत्ती बदामावर बदाम म्हणून ठेवली होती, लाल ते लाल. एवढं जरी त्या वेळी माझ्या डोक्यात आलं असतं. पण माझ्या डोक्यात कायदे होते, आणि कायदे डोक्यात असले की तिथं दुसऱ्या कशाला जागा राहत नाही.

"तात्या, थांबा," मी म्हणालो. "मघाशी चौकट न्हाई म्हणून कापलं न् तुम्ही?"

दादा आपल्या पानांवरून नजर न उचलता म्हणाले, "पान टाक, बबन."

मला वाटलं दादांच्या लक्षात आलेलं नाही. म्हणून मी त्यांना मदत केली. ही चौकटची सत्ती हाय, तुमची दहिली फुकट गेली, असं समजावून सांगितलं.

"दिसलं मला. पान टाक म्हन्लं न्."

चाचांचा अडकित्ता थांबला होता. ते म्हणाले, "जाने दे बेटा. जेवून सुस्ती आल्ती त्यांना. दुसरा डाव वाटा." दाजी तर पानं खाली ठेवायलाच निघाले होते. तीन माणसं मला तीन बाजूंनी दार उघडून देत होती, आणि मी खिडकीतून उडी मारली. हात लांब करून तात्यांच्या पुढ्यातला तो झाकलेला हात मी स्वतःच उताणा केला. एक्का, पंजी, दहिली, तिर्री, ओळीनं मांडले, शेजारी सत्ती ठेवली, आणि जिंकल्याच्या आनंदात, नेहमीच्या आवाजात, म्हणजे गिरणीच्या वरच्या आवाजात एक गंमत केली. तेवढ्यात लाईट गेली. पट्टा गपकन थांबला, पेले थांबले, आणि त्या शांततेत माझं एकट्याचं वाक्य ओसरीभर पसरलं.

"डोळे हसनाबादलाच ठिवून आलात काय, तात्या?"

कुणी हसलं नाही. तात्यांचा हात सतरंजीवर पानं चाचपत होता, तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुपारीचं तबक घेऊन अक्का आतल्या दारात आली होती, तिच्या बांगड्या वाजल्या होत्या, त्या दिशेला त्यांनी तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, "तू सांगितलंस?"

दाजींनी विचारलं, "काय सांगितलं, तात्या?"

अक्का तबक धरून उभी राहिली. तिचे ओठ हलले, दाजींकडं बघितलं, आणि पुन्हा मिटले. तिनं नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं, आणि ही बाई अशी घुम्यासारखी का उभी राह्यली याचा रागही आला. तात्या पाचदहा श्वास थांबले असतील. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, भिंत धरली, म्हणाले, "चल रे. गाडी निघून जाईल." गाडीला दीड तास होता. दादा पायरीपर्यंत मागं गेले, हात जोडून काहीतरी बोलत होते. पहिल्यांदाच ते हळू बोलले, त्यामुळं काय बोलले ते मला आजही माहीत नाही. दाजी दोनदा मागं वळून बघत गेले. वळून बघण्यात ते हुशार होते.

परत आल्यावर दादांनी मला मारलं नाही. पत्ते गोळा करत म्हणाले, "मला दिसत नव्हतं व्हय रे? तुझ्या आधी दिसलं. म्हणून तर गप बसलो." आणि पत्त्यांचा जोड आईच्या हातात देऊन शेताकडं निघून गेले. आई पाटावरचे तांदूळ परत डब्यात ओतत होती. तो आवाज मी कान झाकूनही ऐकला.

खरं काय ते मला चाचांनी दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सांगितलं. तात्यांना दिसत नव्हतं. वर्षभर झालं, सगळं धुरकट होत चाललं होतं. रंग कळायचे, आकार कळायचे नाहीत. दोन थोरली मुलं वाटणीसाठी टपून बसली होती, म्हाताऱ्याला दिसत नाही हे कळायची खोटी, की सातबारा पुढं करून सही मागितली असती. डॉक्टरकडं जायचं तरी मुलांनाच सांगावं लागलं असतं. हे घरात एकट्या अक्काला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ताटातली चटणी शोधणारा हात बघून तिलाच कळलं होतं. तेव्हापासून वाटी कुठं आहे, पायरी कुठं आहे, दारात कोण आलंय, हे ती कुणाला कळू न देता त्यांना सांगत राहायची. चाचांकडून धोतराचं पान घेतानासुद्धा काठ कोणता ते तीच पुटपुटायची, म्हणून चाचांना अंदाज आला. सहा महिने तो माणूस तिच्यावाचून चाचपडत होता, आणि म्हणूनच मान वाकवून आला होता. डोळे त्यांनी हसनाबादला ठेवले नव्हते. ते पंचमीपासून आमच्याच घरी होते, आणि तेच न्यायला तात्या आले होते.

"मंग अक्का बोलली का न्हाई?" मी विचारलं.

"क्या बोलती?" चाचा म्हणाले. "न्हाई म्हटलं, की लेक विचारणार, काय न्हाई? तेच तर झाकायचं व्हतं."

पंधरा दिवस मी घरात तोंड लपवून फिरलो आणि मग कुणाला न विचारता हसनाबादला गेलो. आपण केलेली घाण आपण निस्तरावी असा उदात्त विचार होता. वाटेत एसटीत मी वाक्यं पाठ केली. तात्या वाड्याच्या पुढं बाजेवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, बोटांनी चाचपून, मान वर ठेवून. तिन्ही मुलं अंगणात कापसाची गाठोडी बांधत होती. दाजी मला बघून आत पाणी आणायला गेले ते पाणी घेऊन आलेच नाहीत. मी तात्यांच्या पाया पडलो आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. तात्या, अक्कानं मला काही सांगितलं न्हाई, एक शब्द न्हाई, मी आपला असाच बोलून गेल्तो.

तात्यांची बोटं थांबली. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

थोरल्या मुलानं दोरी खाली टाकली आणि दोन पावलं जवळ आला. दुसरा गाठोड्यावर कोपर टेकून बघायला लागला. तात्यांनी तोंड माझ्याकडंच धरलं होतं, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला होती. नुसत्या माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण डोळ्यांचं ते वाक्य मी केवळ गंमत म्हणून बोललो एवढं उलगडलं असतं तर अक्का त्याच दिवशी निर्दोष ठरली असती आणि म्हातारा तिथंच, स्वतःच्या अंगणात, मुलांच्या पुढ्यात उघडा पडला असता. माझा तो एवढा मोठा आवाज. तो मी जन्मात पहिल्यांदा खाली आणला.

"काही न्हाई," मी म्हणालो. "असंच."

"मंग चहा घिऊन जा."

चहा घेतला. दूध फाटलेलं होतं, तरी घेतला. दारातून निघताना वाटत होतं की तात्या हाक मारतील. नाही मारली. माझ्या त्या गप्प बसण्यानं काय वाचलं, म्हणाल तर चार महिने. पावसाळ्याच्या तोंडाला तात्या गोठ्याच्या पायरीवरून पडले, मुलांनी जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं सगळं बाहेर आलं, आणि पंधरवड्यात वाटण्या झाल्या. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून चाचांनी तात्यांना खरं सांगितलं, की अक्का कुणाजवळ बोलली नव्हती. ते म्हणाले म्हणे, आता कोणत्या तोंडानं आणायला जाऊ? तोपर्यंत दाजींची दुसरी सोयरीक होऊन सुपारी फुटली होती. अक्का पुढं गावातच बालवाडीवर लागली, पस्तीस वर्षं लोकांच्या पोरांना गाणी शिकवली. आता ती माझ्याकडंच असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता तासाभरात होतं, तिचे दोन्ही डोळे मी करून आणले, आणि डॉक्टर म्हणाले, अगदी साधं असतं हो.

हसनाबादहून मी परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. गिरणी बंद झाली होती. अक्का दारातच होती, मांडीवर सूप, सुपात गहू. तिनं विचारलं, काय बोललास? मी सगळं सांगितलं, मुलं कुठं उभी होती, तात्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं. तिनं ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसलो. तिनं दोन खडे काढले, बाजूला टाकले.

"शिकलास म्हणायचं गप बसायला," ती म्हणाली. "दिवस तेवढा चुकला."